किंमत कोण मोजणार?

मी चौथीत असताना आज्जीनं मला पहिल्यांदा मिरचीच्या बाजारात नेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला गडहिंग्लजच्या बाजारात मिरची यायला लागली की लालभडक ढीग लागतात. त्या वाटेनं जाणारा माणूस आधी ठसकतो आणि मग दर विचारतो. घरची वर्षाची चटणी व्हायची होती. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभर पुरवायचं तिखट. आमटीला तेच, भाजीला तेच, आणि काहीच नसलं तर भाकरीवर तेल घालून तेच. ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, हे आज्जीचं ठरलेलं. त्या दिवशी संकेश्वरीच्या दोन ढिगांच्या मध्ये ती थांबली आणि मला म्हणाली, "तुला कुठली बरी वाटती, बघ. तू सांगशील ती घ्यायची."

मी जास्त लाल दिसणारा ढीग दाखवला. तिनं एकदाच विचारलं, "हातात घेऊन बघितलीस?" मी मान हलवली. खरं तर नुसती डोळ्यांनीच बघितली होती. तिनं पाच किलो तोलून घेतली आणि पैसे दिले.

घरी आल्यावर सोप्यात पोतं ओतलं आणि माझं तोंड उतरलं. नीट वाळलेली मिरची मुठीत धरली की खुळखुळते, आत बी वाजतं, देठ कटकन मोडतो. ही मिरची वाकत होती, पण मोडत नव्हती. मधल्या मिरच्यांना तर ओलसर वास येत होता. मग चार दिवस ती अंगणात पटकुरावर पसरायची, दुपारी हलवायची आणि दिवस मावळायच्या आत गोळा करायची, हे काम माझ्याकडं आलं. डोळे चुरचुरायचे, हाताची आग व्हायची. वाळल्यावर वजन केलं तर पाच किलो भरेना. आज्जी रागावली नाही, "तरी मी म्हणत होते" असंही म्हणाली नाही. फक्त तराजू माझ्यासमोर धरला.

पुढच्या वर्षी बाजाराला जाताना तिनं पुन्हा मलाच हाक मारली. ते दुसरं वर्ष मला जास्त आठवतं. मी प्रत्येक ढिगातली मूठभर मिरची कानाजवळ नेऊन हलवली, देठ मोडून बघितले, वास घेतला. विकणारा वैतागला, पण आज्जी शांत उभी होती. मी एक ढीग दाखवला आणि तिनं त्यातल्या एकाही मिरचीला हात न लावता पैसे मोजले. माझ्यावर कुणी पूर्ण भरवसा टाकल्याचं मला पहिल्यांदा कळलं ते त्या क्षणी.

आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पुढं तीस वर्षं मी याच तालुक्यात मास्तरकी केली, मुलांच्या शिक्षणावर बरंच वाचलं आणि प्रशिक्षणाला बसलो, तेव्हा तिनं त्या दोन वर्षांत जे केलं त्यापेक्षा चांगली रीत मला कुठं सापडली नाही. निवड खरी होती, कारण घरची चटणी त्यावर अवलंबून होती. नुकसान झालं ते सोसण्याइतकंच होतं. ते मला माझ्या हातानं भरून काढावं लागलं. आणि चुकलो म्हणून माझ्याकडून निवडीचा हक्क कुणी काढून घेतला नाही. मुलांना चांगले निर्णय घ्यायला कसं शिकवावं आणि ते शिकवताना आपण काय शिकावं, याबद्दलच्या या पुस्तकाची सगळी मांडणी या चार गोष्टींवर उभी आहे.

निर्णय हा शब्द आपण मोठा करून ठेवला आहे. तो सरकार घेतं, न्यायालय घेतं, नाहीतर घरातला कर्ता माणूस घेतो असं आपल्याला वाटतं. मुलांच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे आज्ञा: "तुला काय कळतंय, सांगतो तेवढं कर." दुसरी म्हणजे हट्टाला शरण जाणं: "दे बाबा तो मोबाइल, निदान गप्प तरी बसेल." पहिल्यात मूल काहीच ठरवत नाही, हे उघड आहे. दुसऱ्यातही ते काही ठरवत नाही, हे मात्र चटकन लक्षात येत नाही. ज्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही ती निवड नसते, तो नुसता लाभ असतो. दोन गोष्टी समोर आहेत, एक घेतली की दुसरी सोडावी लागणार आहे आणि सोडल्याचं दुःख आपल्यालाच होणार आहे, हे कळून जे केलं जातं तो निर्णय. पाच वर्षांचं पोर जत्रेत दहा रुपयांत भोवरा घ्यावा की पाळण्यात बसावं म्हणून दहा मिनिटं उभं राहतं, तेव्हा ते मोठं काम करत असतं. आपल्याला घाई असते. आपण म्हणतो, "चल, दोन्ही घे," आणि त्याचं काम अर्धवट मोडून टाकतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात शाळांसाठी जीवनकौशल्यांची मांडणी केली, तेव्हा त्या दहा कौशल्यांत निर्णय घेण्याचं कौशल्य अगदी अग्रभागी ठेवलं. आमच्या प्रशिक्षणांतून ती यादी आमच्यापर्यंत आली. मीही ती फळ्यावर लिहून दिली, मुलांनी वहीत उतरवली आणि दहाच्या दहा न चुकता म्हणून दाखवली. दहावं कौशल्य म्हणून झालं की मुलं माझ्याकडं बघून विचारायची, "सर, आता बसू का?" ते वाक्य मला पुढं फार दिवस टोचत राहिलं.

गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड आहे. कोल्हापूरच्या तालमींचा आणि पेठांचा फुटबॉल सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या गावातही पोरं चालायला लागली की चेंडू लाथाडायला लागतात. दिवाळीच्या सुट्टीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर सामने सुरू झाले की अख्खं गाव कडेला येऊन उभं राहतं. या खेळाकडं मी मास्तर म्हणून बघत आलो. चेंडू पायाशी आला की खेळणाऱ्याला एक-दोन श्वासांत ठरवावं लागतं: पुढं काढायचा, बाजूला द्यायचा की गोलवर मारायचा. तेवढ्यात कुणाला विचारता येत नाही. लहान मुलांच्या सामन्यात मात्र कडेला उभी असलेली वडीलधारी मंडळी सतत ओरडत असतात, "पास दे! मार! मागं ये!" अशा वेळी ते पोर चेंडूकडं बघत नाही, कडेच्या आवाजाकडं बघतं. चेंडू निघून जातो.

एक प्रशिक्षक मी बघितले आहेत. खेळ चालू असताना ते तोंडातून शब्द काढत नाहीत. मध्यंतरात पोरांना गोल बसवतात आणि एखाद्याला विचारतात, "तो चेंडू तू डावीकडं दिलास, तेव्हा तुला काय दिसलं होतं?" असं का केलंस, असं ते विचारत नाहीत. काय दिसलं होतं, एवढंच. 'का' विचारलं की पोरगं स्वतःचा बचाव करायला लागतं. 'काय दिसलं' विचारलं की त्याला ते दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर आणावं लागतं आणि बहुतेक वेळा न दिसलेला भिडू त्याचा त्यालाच सापडतो. हा प्रश्न मी त्यांच्याकडून उसना घेतला आणि वर्गात, घरात वर्षानुवर्षं वापरला. पुढच्या प्रकरणांत तो पुन्हा पुन्हा भेटेल.

आता नेसरीबद्दल. या तालुक्यात शिकलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी नेसरीच्या खिंडीत सहलीला गेलेला असतो. १६७३ साली उमराणीला सरनोबत प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कोंडीत पकडलं, त्याचं पाणी तोडलं आणि तो शरण आल्यावर त्याला सोडून दिलं. हे शिवाजी महाराजांना पसंत पडलं नाही. खान पुन्हा उलटून आला. महाराजांचे कडक शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागले आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, मागं फौज असताना, अवघ्या सहा स्वारांना घेऊन ते खानाच्या सैन्यावर तुटून पडले. सातही जण पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेनं ती दौड मराठी माणसाच्या मनात कायमची बसवली.

मी सहलीला मुलं घेऊन जायचो, स्मारकासमोर उभं करायचो, इतिहास सांगायचो, घोषणा द्यायचो आणि परत आणायचो. एका वर्षी सातवीच्या वर्गाला मी तिथंच सावलीत बसवलं आणि विचारलं, "त्या सकाळी तुम्ही प्रतापराव असता तर काय केलं असतं?" वर्ग गप्प झाला. असं विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, असं काही मुलांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हणालो, "त्यांच्या शौर्याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही, माझ्याही नाही. आपण फक्त त्यांच्या जागी उभं राहून बघू या."

मग हळूहळू बोलणं सुरू झालं. एक मुलगा म्हणाला, त्यांना राग आला होता. दुसरा म्हणाला, राग नव्हे, लाज वाटत होती. मग रागात ठरवणं आणि लाजेत ठरवणं यांत फरक काय, यावर बराच वेळ गेला. ती चर्चा मी कुठल्याही पुस्तकातून घडवू शकलो नसतो. एकीनं विचारलं की फौज यायला किती वेळ लागला असता. एकानं उमराणीचा विषय काढला: शरण आलेल्याला सोडणं चूक कसं? ते तर चांगुलपणाचं होतं. त्यावर मी त्यांना सांगितलं, हा प्रश्न मोठमोठ्यांना पडला आहे. चांगल्या मनानं केलेली गोष्ट पुढचा विचार कमी पडल्यानं अंगलट येऊ शकते आणि तरीही चांगलं मन ही चूक ठरत नाही. आणि मग मागं बसलेली, वर्गात कधी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "सर, त्या सहा जणांना विचारलं होतं काय?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. त्या सहा जणांना कुणी ओढून नेलं नसणार, ते आपल्या सेनापतीच्या मागं आनंदानं गेले असणार, असं मला वाटतं. इतिहासही त्यांना वीर म्हणूनच ओळखतो. पण त्या मुलीनं जे विचारलं ते नेसरीपुरतं नव्हतं. निर्णय एकाचा आणि किंमत सातांनी मोजली. महाराजांचा राज्याभिषेक तेव्हा चार महिन्यांवरही नव्हता आणि स्वराज्यानं आपला सरनोबत गमावला. पुढं हंबीरराव मोहित्यांनी ती जागा समर्थपणे सांभाळली. महाराजांनी प्रतापरावांची कन्या राजारामांसाठी सून म्हणून घरात आणली. या गोष्टी मी परतीच्या एस.टी.त मुलांना सांगितल्या. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला आजवर देता आलं नाही, आणि हे पुस्तक लिहायला मी बसलो ते त्यामुळंच.

किंमत कोण मोजणार? निर्णय शिकवताना मुलाला द्यायचा हा पहिला प्रश्न आहे, असं माझं ठाम मत आहे. बरोबर काय आणि चूक काय, हा त्यानंतरचा. ज्याला किंमत मोजावी लागणार आहे त्याला विचारायचं. आणि किंमत मुलालाच मोजावी लागणार असेल आणि ती त्याला सोसण्यासारखी असेल, तर त्याला नुसतं विचारून थांबायचं नाही, ठरवू द्यायचं.

हे मुलांना कळतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं. एका वर्षी मी सहलीचं ठिकाण वर्गावर सोडलं. सामानगड, आजऱ्याचं रामतीर्थ आणि कोल्हापूर अशी तीन नावं आली. हात वर करून मतदान झालं आणि कोल्हापूर मोठ्या फरकानं पहिलं आलं. टाळ्या पडल्या. मी मोजलं तर हात आणि मुलं यांचा मेळ बसेना; चौघांनी एकदाही हात वर केला नव्हता. मी काही बोललो नाही, फक्त एस.टी.चं भाडं, खाणं, तिकिटं यांचा हिशेब मुलांकडून फळ्यावर मांडून घेतला. आकडा पूर्ण झाला तेव्हा वर्गाच्या नजरा आपोआप त्या चौघांकडं वळल्या. दुसऱ्या दिवशी मुलं माझ्याकडं आली आणि म्हणाली, सामानगडला जाऊ. बहुमत म्हणजे निर्णय, असं आपण मुलांना शिकवतो. लोकशाहीत ते खरंही आहे. पण हात का वर गेला नाही, हे विचारायला शिकवल्याशिवाय ते अर्धंच राहतं. सामानगडावरच्या सात कमानी विहिरीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबे खाल्ले, तेव्हा ते चौघं सगळ्यात जास्त बोलत होते.

शेतकऱ्याच्या घरात तर निर्णयाची शाळा बारा महिने चालू असते, फक्त मुलांना तिच्या बाहेर उभं केलं जातं. ऊस लावायचा की मिरची, हा आमच्याकडचा नेहमीचा पेच. आडसाली लागण केली की पीक दीड वर्ष रान अडवून बसतं, पण कारखान्याला गेलं की पैसे बऱ्यापैकी खात्रीचे. मिरचीचे पैसे लवकर दिसतात, पण दराचा भरवसा नाही आणि रोग पडला तर सगळंच गेलं. बाप रात्री हा हिशेब मांडतो तेव्हा मुलांना सांगतो, "तुम्ही अभ्यास करा." माझं म्हणणं आहे, त्यांना जवळ बसवा. पंधरा मिनिटं बसवा. त्यांना सांगा, आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि तरीही आपण का ठरवतोय. आणि वर्ष संपल्यावर, दर पडला तर, पुन्हा बसवा.

इथं एक गोष्ट आपण फार चुकीची शिकवत आलो आहोत. फळ वाईट आलं की निर्णय वाईट होता, असं आपण धरून चालतो. मिरचीचा दर पडला की शेजारी म्हणतात, "सांगितलं होतं, ऊस लाव." दर चढला असता तर तेच म्हणाले असते, "काय डोकं चालवलं!" निर्णय तोच, माणूस तोच. त्या वेळी हाताशी असलेली माहिती नीट गोळा केली का, कुणाला विचारायला हवं होतं त्याला विचारलं का, वाईटात वाईट काय होईल ते सोसण्याची तयारी होती का, हे पारखायचं. नंतर पाऊस कसा पडला हे माणसाच्या हातात नव्हतं. उलटंही खरं आहे. गाडी बेफाम चालवून सुखरूप घरी आलेल्या पोराचा निर्णय चांगला नव्हता, त्याचं नशीब चांगलं होतं. हा फरक ज्या घरात बोलला जातो तिथली मुलं अपयशानं मोडत नाहीत आणि फुकटच्या यशानं फुगत नाहीत. या एकाच मुद्द्यावर या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे. वाचकांनी इतर काही गाळलं तरी ते गाळू नये.

अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांवर केलेला मिठाईचा प्रयोग बऱ्याच पालकांनी ऐकलेला असतो. समोरचा एक तुकडा आत्ता खा किंवा थोडा वेळ थांब, दोन मिळतील. थांबणारी मुलं पुढं आयुष्यात चमकतात, असा त्याचा गाजावाजा झाला आणि मुलाला संयम कसा लावायचा याचे वर्ग निघाले. पण २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी भर घातली. त्यांनी मिठाईआधी २८ मुलांना चित्रकलेचं चांगलं सामान आणून देतो असं सांगितलं. निम्म्यांना ते आणून दिलं आणि निम्म्यांना "माफ कर, नाहीये" असं सांगितलं. मग मिठाई ठेवली. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला ती ३ मिनिटांत खाऊन मोकळी झाली. त्या मुलांच्यात संयम कमी नव्हता. मोठ्यांवर भरवसा ठेवून फसल्यावर हातातलं खाऊन टाकणं हा शहाणपणाचाच निर्णय होता. "पेपर झाल्यावर सायकल घेऊ," असं म्हणून ती न घेणाऱ्या बापानं पोराच्या उतावीळपणाची तक्रार घेऊन शाळेत येऊ नये. आधी स्वतःचे शब्द मोजावेत.

सगळंच मुलांवर सोडायचं, असं मी म्हणत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. गडहिंग्लज तेव्हा त्याच संस्थानात होतं. ती सक्ती होती आणि ती योग्यच होती. कारण मूल शाळेत गेलं नाही तर त्याची किंमत त्याला जन्मभर मोजावी लागते, आणि सहा वर्षांच्या वयात ती किंमत त्याला दिसतही नाही. लस, शाळा, रस्त्यावरची शिस्त, नदीला पूर असताना पाण्यात न उतरणं, यांत मुलाची निवड नसते आणि ते त्याला स्पष्ट सांगावं. निवड नसताना निवडीचं नाटक करणं हे सगळ्यात वाईट. "आंघोळ करतोस का?" असं विचारायचं आणि "नाही" म्हटल्यावर धपाटा घालायचा, यातून मूल एवढंच शिकतं की मोठ्यांचे प्रश्न खोटे असतात.

आणि याच मातीत मुलांसाठी मोठ्यांनी ठरवण्याची दुसरी, काळी बाजूही होऊन गेली. सौंदत्तीच्या यल्लमाच्या नावानं मुली सोडायची रीत या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या चालली. केसात जट आली की देवीची हाक आली असं मानायचं आणि समज येण्याआधीच मुलीचं उभं आयुष्य ठरवून टाकायचं. ठरवलं आई-बापांनी, भावकीनं, पुजाऱ्यानं. फेडलं त्या मुलीनं. सत्तरच्या दशकात गडहिंग्लजमध्ये प्रा. विठ्ठल बन्ने आणि त्यांच्या सोबत्यांनी देवदासी निर्मूलनाचं काम उभं केलं आणि ज्यांच्याबद्दल सगळे ठरवत आले त्या बायका इथं पहिल्यांदा एकत्र येऊन स्वतःबद्दल बोलायला लागल्या. राज्याचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ साली झाला. मुलांच्या निर्णयक्षमतेबद्दल बोलताना कुणी मला म्हणतं, "हे शहरातल्या लोकांचे लाड आहेत," तेव्हा मी त्यांना या बायकांची आठवण करून देतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत, जी भारतानं १९९२ साली मान्य केली, स्वतःशी संबंधित प्रत्येक गोष्टीत मत मांडण्याचा मुलाचा हक्क लिहिलेला आहे. आमच्या भागात तो हक्क नाकारल्यावर काय होतं हे बघायला संहिता वाचावी लागत नव्हती. आजही दहावीच्या सुट्टीत एखाद्या हुशार मुलीचं लग्न ठरल्याची बातमी येते आणि तिला कुणी विचारलं होतं का, याचं उत्तर घरात कुणाकडं नसतं.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांच्या अनुभवातून शिकवणं, त्यांना बोलतं करणं, शिक्षा आणि धाक वर्गाबाहेर ठेवणं हे त्या शाळेनं करून दाखवलं. लीलाताईंच्या लेखनातून मी एक गोष्ट उचलली: मुलाला विचारलेला प्रश्न खरा असला पाहिजे, म्हणजे त्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असता कामा नये. नेसरीला मी जो प्रश्न विचारला तो त्या अर्थानं माझ्या आयुष्यातला पहिला खरा प्रश्न होता. तोवर माझी वीस वर्षं नोकरी झाली होती.

आणि घरात मी काय केलं, तेही सांगायला हवं. माझ्या मुलाला दहावीला चांगले गुण पडले. त्याला वाणिज्य शाखेला जायचं होतं. मी त्याचं ऐकून घेतलं, समजावलं आणि विज्ञानाचा अर्ज भरून टाकला. फी मी भरणार होतो, म्हणून ठरवायचा हक्क माझा, असं मी मनाशी धरलं. त्याची दोन वर्षं गेली, पण त्याचं मला तेवढं वाटत नाही, ती भरून निघाली. मला लागलं ते वेगळंच. तो मला सगळं विचारायला लागला. कुठल्या गाडीनं जाऊ, कुठला शर्ट घालू, मित्राच्या लग्नाला किती आहेर करू. वीस-बावीस वर्षांचा मुलगा दारात उभा राहून वडिलांना हे विचारतो, तेव्हा शेजारच्यांना तो आज्ञाधारक वाटतो. त्याच्यातलं काय मोडलं आहे ते मला कळत होतं. फी मी भरली, पण किंमत त्यानं मोजली. पुढं त्याला ते पुन्हा मिळवायला बरीच वर्षं लागली. या पुस्तकातली दहावीनंतरच्या निवडीची दोन प्रकरणं त्यानं वाचून, दुरुस्त करून दिली आहेत. एक तर त्यानं जवळजवळ पुन्हा लिहून काढलं.

पुस्तक पालकांसाठी आहे, तितकंच शिक्षकांसाठी आणि अंगणवाडी ताईंसाठी. प्रकरणं वयाप्रमाणं लावली आहेत, पण सुरुवातीपासून वाचलीच पाहिजेत असं नाही. ज्यांच्या घरात आत्ता दहावीचं मूल आहे त्यांनी शेवटून सुरुवात करावी. प्रत्येक प्रकरणात एखादं घरगुती काम सुचवलं आहे: बाजाराची यादी, सणाचा खर्च, पाहुण्यांचा स्वयंपाक, परसातला एक वाफा. कामं मुद्दाम लहान ठेवली आहेत, म्हणजे चुकली तर चार दिवसांच्या उन्हात निस्तरतील. मुलाचं चुकतंय असं दिसलं तर तोंड मिटून थांबणं हे तुमच्या वाट्याचं काम, आणि ते सोपं नाही.

शेवटची सोळा पानं कोरी आहेत. ती मुलांसाठी आहेत. आपण काय ठरवलं, तेव्हा काय दिसलं होतं आणि पुढं काय झालं, हे त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहायचं. त्यांनी दाखवल्याशिवाय ती पानं कृपा करून उघडू नका.